रात्रीच्या पाण्यातली लेकरं

हवाई द्वीपसमूहातल्या सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिमेला कोना नावाचा किनारा आहे. मौना लोआ आणि हुआलालाई हे ज्वालामुखी ईशान्येकडून येणारे वारे अडवून धरतात, त्यामुळे इथलं पाणी बहुतेक रात्री शांत असतं. डोंगराचा उतार किनाऱ्याशी थांबत नाही, तो पाण्याखाली तसाच चालू राहतो. बोट काही किलोमीटर बाहेर गेली की तळ हजार मीटरच्याही खाली गेलेला असतो. अंधार पडल्यावर पाणबुड्यांना घेऊन निघालेली बोट अशा जागी इंजिन बंद करते. नांगर टाकत नाहीत, कारण तो कुठे टेकणारच नाही. कडेवरून वजन बांधलेले दोर सोडतात, एकेका दोराशी एकेक पाणबुड्या जोडलेला असतो, आणि मग बोट, दिवे, दोर, माणसं असं सगळंच प्रवाहाबरोबर वाहू लागतं. दहा-पंधरा मीटर खोलीवर माणूस तरंगत राहतो. वर, खाली आणि चारी बाजूंना नुसता काळोख. खडक नाही, वाळू नाही, प्रवाळ नाही.

अशा जागी लोक पैसे मोजून, कॅमेरे घेऊन जातात ते नखाएवढ्या जीवांसाठी. दिव्याच्या झोतात एक पारदर्शक पट्टी वळसे घेत येते. तिच्या आरपार पलीकडचं सगळं दिसतं. तिला बारीक डोकं आहे, त्यात दोन काळे डोळे आहेत. हे वाम जातीच्या माशाचं पिल्लू. एक चपटी काचेसारखी चकती लांबलचक पाय पसरून जेलीफिशच्या पाठीवर बसलेली दिसते. ती शेवंडीच्या कुळातली. एका माशाचं आतडं पोटाबाहेर लोंबत असतं, आणि त्याच्या अंगाच्या दुप्पट लांबीचा तो झुबका सांभाळत तो निवांत पोहतो. चपट्या माशाचं पिल्लू येतं, त्याचे डोळे अजून दोन बाजूंना दोन असतात. पुढे तळावर आडवं पडून राहायची वेळ आली की एक डोळा कवटीवरून सरकत दुसऱ्या बाजूला जाईल. सेंटीमीटरभर ऑक्टोपस येतो, त्याचा मेंदू आणि जठर बाहेरून मोजता येतात.

या पिल्लांना जीवशास्त्राच्या पुस्तकात डिंभ म्हणतात. पाण्याबरोबर वाहणाऱ्या सगळ्या लहान जीवांना मिळून प्लवक. शाळेत आपण हे शब्द पाठ करतो आणि विसरतो. पण गोष्ट विसरण्यासारखी नाही. आपण ज्याला समुद्री जीवन म्हणतो, म्हणजे बाजारातली सुरमई, खडकातला खेकडा, प्रवाळावरचे रंगीत मासे, ते बहुतेक त्या जीवांचं मोठेपण आहे. त्यांचं बालपण दुसऱ्याच जागी, दुसऱ्याच शरीरात आणि दुसऱ्याच अन्नावर गेलेलं असतं. समुद्रात उद्या काय असेल हे बरंचसं त्या उघड्या, बिनआडोशाच्या पाण्यात ठरतं, आणि तिकडे पाहण्याची सवय माणसाला फार उशिरा लागली.

दिवसा ही पिल्लं पाण्यात नसतात असं नाही. पण पारदर्शक अंग हाच त्यांचा एकमेव आडोसा आहे, आणि भर उजेडात तो उत्तम चालतो. रात्री बाजूने दिवा मारला की कडा चमकतात आणि लपलेलं उघडं पडतं. शिवाय रात्री वर गर्दीही वाढते. 1942 साली सॅन दिएगोजवळ अमेरिकी नौदलासाठी ध्वनिलहरींचे प्रयोग चालू होते. शत्रूच्या पाणबुडी-नौका शोधण्यासाठी सोडलेला आवाज मधल्याच खोलीवर कशावर तरी आदळून परत येई, जणू तिथे तळ आहे. संध्याकाळी हा तळ वर सरके आणि पहाटे पुन्हा खाली जाई. स्क्रिप्स संस्थेतल्या मार्टिन जॉन्सन यांनी तर्क मांडला की हा थर जिवंत प्राण्यांचा असणार, आणि तो खरा ठरला. झिंगे, कंदीलमासे, माकुलं, जेली असे कोट्यवधी जीव दिवस खोल अंधारात काढतात आणि रात्री चरायला वर येतात. वजनाच्या हिशेबाने पृथ्वीवरचं हे सर्वांत मोठं स्थलांतर आहे आणि ते रोज होतं. चांदण्या रात्री यातले बरेच जण जरा खालीच थांबतात.

आपल्या अरबी समुद्रात तर याला आणखी एक पेच आहे. साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत पाण्यात प्राणवायू फारच थोडा असतो. तरीही कंदीलमासे दिवसभर तिथेच उतरून राहतात, कारण त्यांना खाणारे मोठे मासे त्या गुदमरत्या थरात यायला धजत नाहीत. रात्री वर येऊन पोट भरायचं, पुरेसा प्राणवायू घ्यायचा आणि उजाडायच्या आत पुन्हा खाली जायचं असा त्यांचा दिनक्रम.

या पाण्यात उतरून पाहायची कल्पना मूळची संशोधकांची. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बिल हॅमनर आणि त्यांचे विद्यार्थी बहामा बेटांतल्या बिमिनीजवळ, गल्फ स्ट्रीमच्या खोल पाण्यात दोर बांधून उतरू लागले, तेही दिवसा. कारण साधं होतं. शंभर वर्षं प्लवकांचा अभ्यास जाळ्याने चालला होता, आणि जाळ्यात जेलीसारखे जीव वर येईपर्यंत त्यांचा लगदा होत होता. जो जीव कुणी धड पाहिलेलाच नाही, तो काय खातो, कसा पोहतो, हे कसं कळणार? त्या गटातल्या अ‍ॅलिस ऑलड्रेज यांनी 1972 साली एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. लार्वेशियन नावाचा एक इवलासा जीव स्वतःभोवती चिकट द्रवाचं घर बांधतो, त्यातून पाणी गाळून खातो, आणि घराची गाळणी तुंबली की ते टाकून नवं बांधतो. दिवसातून अनेकदा. टाकून दिलेली ही घरं, त्यांत अडकलेले कण, विष्ठा, मेलेल्या जीवांचे तुकडे हे सगळं खोलात सतत झिरपत राहतं. त्याला सागरी हिम म्हणतात. या कचऱ्यावर कोण जगतं हे पुढे जपानी संशोधकांना वामीच्या पिल्लांच्या आतड्यांत दिसलं. तिथे त्यांना लार्वेशियनची फेकलेली घरं सापडली.

वामीच्या कुळाइतकी दीर्घ शोधकथा समुद्रातल्या दुसऱ्या कुठल्या पिल्लाला लाभली नसेल. पण त्याआधी खेकड्याची हकीकत सांगितली पाहिजे, कारण आई आणि पिल्लू एकच आहेत हे पहिल्यांदा तिथे कळलं, आणि ते सांगणाऱ्यावर अनेकांनी विश्वास ठेवला नाही.

जॉन व्हॉन टॉमसन हे ब्रिटिश सैन्यातले शल्यचिकित्सक. 1816 साली मॉरिशसहून परतताना जहाजामागे मलमलीचं जाळं सोडून त्यांनी समुद्रातले बारीक जीव गोळा केले. असं जाळं वापरणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी ते एक. पुढे आयर्लंडच्या कॉर्क बंदरात त्यांची नेमणूक झाली आणि फावल्या वेळात जाळं चालू राहिलं. त्या काळी झोईया नावाचा एक प्राणी पुस्तकांत होता. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बॉस्क यांनी 1802 साली त्याला स्वतंत्र वंशाचा मान दिला होता. मोठे डोळे, पाठीवर उभा काटा, पुढे चोचीसारखा दुसरा काटा, मागे वळवळती शेपूट, आणि सगळा मिळून मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. 1822 च्या उन्हाळ्यात टॉमसन यांनी एक मोठासा झोईया काचेच्या भांड्यात जिवंत ठेवला. कात टाकता टाकताच तो मेला, पण मरताना जे पाय बाहेर आले ते खेकड्याचे होते. काही वर्षांनी त्यांनी खाण्यातल्या खेकड्याची अंडी उबवून पाहिली, तर त्यांतून झोईयाच बाहेर पडले. म्हणजे शास्त्राने वेगळा प्राणी म्हणून नोंदवलेला जीव खेकड्याचं तान्हं पोर होता. मेगॅलोपा हाही असाच वेगळा प्राणी मानला जाई. तो निघाला त्याच खेकड्याचा पुढचा टप्पा. टॉमसन यांनी याच रीतीने बार्नॅकलचंही कोडं सोडवलं. बोटीच्या तळाला आणि धक्क्याच्या खांबांना चिकटून बसणारे हे कवचवाले जीव शिंपल्यांचे भाऊबंद समजले जात. त्यांची पिल्लं पोहताना पकडून ठेवली, तर ती काचेला डोक्याने चिकटली आणि बार्नॅकल झाली. 1830 साली टॉमसन यांनी ते छापलं. बार्नॅकल झिंग्या-खेकड्यांचा नातेवाईक ठरला.

यावर वाद झाला. जर्मन शास्त्रज्ञ राटके यांनी नदीतल्या क्रेफिशची अंडी तपासून दाखवलं की त्यांतून थेट लहानसा क्रेफिशच बाहेर येतो, रूपांतर वगैरे काही नाही. दोघंही बरोबर होते. हे समजायला आपल्याला युरोपात जायची गरज नाही. सह्याद्रीच्या ओढ्यात, पावसाळ्यात दगड उलटला की खेकडीच्या पोटाखाली चिकटून बसलेली पिल्लं दिसतात. ती पहिल्या दिवसापासून खेकडे असतात, फक्त बारीक. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात पिल्लू सोडणं म्हणजे ते गमावणं, म्हणून गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या अंड्यात बलक भरपूर आणि अंडी मोजकी असतात. खाडीतली चिंबोरी नेमकं उलटं करते. लाखांनी अंडी पोटाखाली घेऊन मादी कांदळवनातून निघते आणि खुल्या समुद्राकडे जाते. तिथे झोईया सुटतात, पाच वेळा रूप बदलतात, मग मेगॅलोपा होतात, आणि तीन-चार आठवड्यांनी उरलेसुरले पुन्हा किनाऱ्याकडे वळतात. खाडीच्या तोंडाशी खारेपणा भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो. ते या नाजूक पोरांना सोसत नाही. खुल्या पाण्यात खारेपणा स्थिर असतो, अन्न असतं, आणि किनाऱ्यावरच्या असंख्य तोंडांपासून सुटका असते. एकाच सह्याद्रीच्या दोन अंगांना, घाटातल्या ओढ्यात आणि खालच्या खाडीत, आईपणाच्या या दोन रीती शेजारी शेजारी चालू आहेत. मला हे कोकणातलं एक मोठं आश्चर्य वाटतं.

आता वाम. युरोपातल्या नद्यांत आणि तळ्यांत राहणारी वाम, म्हणजे ईल, अंडी कुठे घालते हे कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या पोटात पिकलेली अंडीच कुणाला सापडत नसत. पानासारखा चपटा, पारदर्शक लेप्टोसेफॅलस हा स्वतंत्र मासा म्हणून नोंदला गेला होता. 1896 साली ग्रासी आणि कालांद्रुच्चो या इटालियन संशोधकांनी मेसिनाच्या सामुद्रधुनीत मिळालेल्या लेप्टोसेफॅलसचं ईलमध्ये रूपांतर होतं हे दाखवून दिलं. 1904 साली डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांना फेरो बेटांजवळ, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाहेर, 77 मिलिमीटरचं असंच एक पिल्लू मिळालं. पुढची जवळजवळ दोन दशकं त्यांनी एकच युक्ती लावून धरली. जिथे पिल्लं लहान होत जातील, तिकडे जन्मस्थान असणार. अटलांटिक ओलांडून पश्चिमेला जावं तसतशी पिल्लं लहान होत गेली आणि शेवटी सारगासो समुद्रात सर्वांत लहान सापडली. आजवर तिथे अंडी घालणारी ईल कुणी पाहिलेली नाही. 2022 साली अझोरेस बेटांजवळून माग काढण्याची यंत्रं लावून सोडलेल्या काही ईल सारगासोपर्यंत पोचल्याचं प्रसिद्ध झालं, एवढाच प्रत्यक्ष पुरावा.

पॅसिफिकमध्ये कात्सुमी त्सुकामोतो यांनी जपानी ईलच्या बाबतीत हेच काम आणखी पुढे नेलं. 1991 मध्ये पिल्लांचा पट्टा मिळाला, 2005 मध्ये मारियाना बेटांच्या पश्चिमेला, समुद्रात बुडालेल्या एका पर्वताजवळ नुकती फुटलेली पिल्लं, आणि 2009 मध्ये प्रत्यक्ष अंडी. अमावस्येच्या आसपासच्या रात्री ही अंडी घातली जातात. खुल्या महासागरात एक-दोन मिलिमीटरच्या अंड्यापर्यंत जाऊन पोचणं काय असतं, याची कल्पना करताना मला नेहमीच दडपण येतं. आपल्या पश्चिमवाहिनी नद्यांतही ईल आहेत. त्याही अंडी घालायला समुद्रात जातात आणि त्यांची काचेसारखी पोरं खाडीतून वर चढतात.

श्मिट यांच्याच ‘डाना’ या जहाजाने एक चकवाही दिला. 1930 साली दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात या जहाजाला सुमारे 1.8 मीटर लांबीचा लेप्टोसेफॅलस मिळाला. साधी ईल पिल्लाच्या अनेक पटींनी वाढते. तो हिशेब लावला तर याची आई तीस मीटरची, म्हणजे दंतकथेतला सागरी नागच. चाळीस वर्षं ही शंका लोकांच्या मनात घर करून होती. 1970 साली डेव्हिड स्मिथ यांनी दाखवलं की असली अजस्र पिल्लं नोटाकँथ नावाच्या खोल पाण्यातल्या माशांची असतात, आणि ती मोठी होताना वाढत नाहीत. पोरगं आणि आई जवळपास एकाच लांबीची.

‘डाना’ने 1928 ते 1930 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा हिंदी महासागरातले नमुनेही गोळा केले. पुढे त्यांतल्या शेवंडीच्या पिल्लांचा अभ्यास केला तो भारतीयांनी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे राघू प्रसाद, टॅम्पी आणि जॉर्ज यांनी तो 1975 साली प्रसिद्ध केला. त्याआधी याच संस्थेतल्या एस. जोन्स आणि कुमारन यांनी ‘डाना’च्या बरण्यांमधून तलवारमाशाच्या कुळातली पिल्लं वेगळी काढून ती कुठे कुठे सापडतात याचे नकाशे मांडले होते. भिंगाखाली वाकून, काटे, पाय आणि रंगाचे ठिपके मोजून केलेलं हे काम आहे. याची आठवण मराठीत कुणी काढत नाही, म्हणून इथे मुद्दाम काढतो.

शेवंडीच्या पिल्लाला फायलोसोमा म्हणतात. कागदासारखं चपटं, आतलं सगळं दिसणारं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शेवंडीचं पिल्लू नऊ ते अकरा महिने समुद्रात भटकतं आणि किनाऱ्यापासून दीड हजार किलोमीटरपर्यंत दूर जाऊन परत येतं. परतताना ते पुन्हा रूप बदलतं. या शेवटच्या रूपात ते काहीच खात नाही, साठवलेल्या चरबीवर किनाऱ्यापर्यंत पोहत येतं. किती लांब, किती उपाशी, किती नेमकं! मुंबईच्या समुद्रात वाळूत राहणारी चपटी शेवंड एकेकाळी ट्रॉलरना भरपूर मिळे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ संपली. अंड्यांसकट माद्या ओढून नेल्यावर रात्रीच्या पाण्यात उतरणार कोण?

रात्रीच्या पाणबुड्यांचे फोटो कित्येक वर्षं सुंदर म्हणून पाहिले गेले. ते शास्त्राच्या उपयोगाचे आहेत हे ओळखणाऱ्यांत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे डेव्हिड जॉन्सन आणि त्यांच्या सहकारी आय नोनाका पुढे होते. जॉन्सन यांचं नाव त्याआधीच एका मोठ्या उलगड्याशी जोडलेलं होतं. खोल समुद्रातल्या माशांची तीन कुळं पुस्तकांत होती. पहिलं व्हेलफिशचं, मोठ्या जबड्याचं आणि डोळे जवळजवळ नसलेलं. सापडलेले सगळे मासे माद्याच. दुसरं कुळ मोठ्या नाकाच्या, जबडा झिजलेल्या माशांचं. ते सगळे नरच. तिसरं कुळ वरच्या पाण्यात राहणाऱ्या, शरीराच्या कितीतरी पट लांब रेशमी शेपूट असलेल्या माशांचं. ती सगळी पिल्लंच, एकही वयात आलेला नाही. आज हे वाचताना उत्तर समोर दिसतं. पण जिवंत मासे कुणी एकत्र पाहिलेले नव्हते आणि त्यांची शरीरं इतकी वेगळी होती की तज्ज्ञांनीच ही शक्यता नाकारली होती. जपानी संशोधकांनी जनुकं तपासली, मेक्सिकोच्या आखातात रूपांतराच्या अर्ध्या वाटेवरचे मासे सापडले, आणि 2009 साली जॉन्सन, जॉन पॅक्स्टन व सहकाऱ्यांनी जाहीर केलं की ही तीन कुळं म्हणजे एकाच कुळातले नर, माद्या आणि पिल्लं आहेत. नराचं तर आणखी विलक्षण. वयात येताना त्याचं जठर आणि अन्ननलिका नाहीशी होतात. बालपणी खाल्लेलं सगळं एका भल्या मोठ्या यकृतात साठवून त्यावर तो उरलेलं आयुष्य काढतो.

2021 साली नोनाका, जॉन्सन, हवाईचे पाणबुडे-संशोधक जेफ मिलिसन आणि ब्रूस मंडी यांनी कोनाच्या रात्रींचं काम एकत्र मांडलं. पाणबुड्याने पिल्लाचा फोटो काढायचा, मग तेच पिल्लू बरणीत धरायचं आणि मद्यार्कात ठेवायचं. फोटो आणि जनुकं एकाच जीवाची. जाळ्यात येणाऱ्या पिल्लांचे लांब धागे तुटून जातात, त्यामुळे शंभर वर्षांची चित्रं बोडकी होती. फोटोत कळलं की तो धाग्यांचा पसारा अंगाच्या कितीतरी पट असतो, आणि तो फुलवून पिल्लू डंख मारणाऱ्या जेलीसारखं दिसतं. ज्याला बोचरं समजून शत्रू टाळतात ते प्रत्यक्षात मऊ, निरुपद्रवी पिल्लू असतं.

आता खरा प्रश्न: इतकी अंडी घातली जातात, त्यांतली जगतात किती? सूर्यमासा म्हणजे मोला. श्मिट यांनीच त्याच्या एका मादीत तीस कोटी अंडी असल्याचा अंदाज मांडला होता. ती सगळी जगली असती तर समुद्रात पाण्याला जागा उरली नसती. 1914 साली नॉर्वेच्या योहान योर्ट यांनी याच प्रश्नाला हात घातला. एखाद्या वर्षी मासळी भरपूर, एखाद्या वर्षी गायब, याचं कारण मासे दुसरीकडे जातात असं सगळे मानत. योर्ट आणि सहकाऱ्यांनी हेरिंगच्या खवल्यांवरची वर्तुळं मोजून वयं काढली, तेव्हा दिसलं की कित्येक वर्षं जाळ्यात मुख्यतः 1904 साली जन्मलेली हेरिंगच येत होती. त्या एका वर्षी पिल्लं जगली होती. बाकीच्या वर्षी अंडी काही कमी नव्हती. पिल्लाच्या पोटाखालचा बलक संपतो आणि पहिल्यांदा स्वतः शोधून खावं लागतं, त्या थोड्या दिवसांत योग्य आकाराचं अन्न समोर आलं तर ती पिढी तरते, असं त्यांनी मांडलं. शंभर वर्षांत या विचारात भर पडली आहे, दुरुस्त्या झाल्या आहेत, पण त्याचा गाभा टिकून आहे. तारलीचे जे चढउतार मलबारपासून कोकणापर्यंतच्या मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, ते समजून घ्यायचे तरी तिच्या पिल्लांपासूनच सुरुवात करावी लागते.

जी वाचतात ती परत कशी येतात, हेही पूर्वी वाटत होतं तसं नाही. पिल्लं नुसती वाहतात असा समज होता. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लिझर्ड बेटाजवळ, जेफ्री जोन्स आणि सहकाऱ्यांनी एका प्रवाळमाशाच्या एक कोटीहून जास्त अंड्यांतल्या भ्रूणांना टेट्रासायक्लिन औषधाने खूण केली. ती खूण पिल्लाच्या कानातल्या खड्यात उमटते. मग परतून स्थिरावणारी पाच हजार पिल्लं पकडून तपासली, त्यांत पंधरा खुणेची निघाली. पंधराच! पण खूण फारच थोड्या अंड्यांना केली होती हे धरून हिशेब केला, तर पंधरा ते साठ टक्के पिल्लं आपल्याच बेटाला परतत असावीत असा निष्कर्ष 1999 साली आला. कानातल्या या खड्यावर रोज एक वर्तुळ चढतं हे 1971 मध्ये पानेल्ला यांनी दाखवलं होतं, त्यामुळे पिल्लाचं वय दिवसांत वाचता येतं. 2005 साली स्टीव्ह सिम्प्सन यांनी वाळूवर प्रवाळाच्या तुकड्यांचे ढीग रचले आणि काहींपाशी पाण्याखाली ध्वनिवर्धक लावून जिवंत प्रवाळाचा आवाज, म्हणजे झिंग्यांची कडकड आणि माशांची गुरगुर, रात्रभर वाजवला. आवाजाच्या ढिगांवर जास्त पिल्लं उतरली. अंधारात ती ऐकत होती.

आपल्या खाड्यांत कोळंबीचं पोरही असंच हुशारीने येतं. कोळंबी समुद्रात अंडी घालते, पोर अनेक रूपं पालटत किनाऱ्याजवळ येतं, आणि मग भरतीला वर उठून पाण्याबरोबर आत जातं, ओहोटीला तळाशी बसून राहतं. भरती-ओहोटीच्या या पायऱ्यांनी ते खाडीच्या आत आत पोचतं. गोव्यातल्या खाजनांची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींची, मानस ही बांधातली लाकडी झडप भरतीचं पाणी आत घेते तेव्हा त्याबरोबर ही पोरंही आत येतात आणि खाजनात वाढतात. ती व्यवस्था बांधणाऱ्यांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, पण पाण्यातून काय येतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

याउलट आज दिवा हेच हत्यार झालं आहे. कोनाचा पाणबुड्या ज्या दिव्याने पिल्लू पाहतो, तोच दिवा शेकडो पटींनी प्रखर करून बोटीवर लावला की काळोख्या रात्री मासळी आणि तिच्यामागे मोठी मासळी गोळा होते, आणि खालून पर्ससीनचं जाळं आवळलं जातं. त्यात वयात न आलेली मासळी आणि पिल्लं एकगठ्ठा जातात. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने एलईडी आणि इतर कृत्रिम दिव्यांनी होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. मालवण, रत्नागिरीचे पारंपरिक मच्छीमार त्यासाठी आजही भांडत आहेत, कारण बंदी कागदावर आहे आणि दिवे समुद्रावर. माझ्या मते या भांडणात ते पूर्णपणे बरोबर आहेत. 1 जून ते 31 जुलै या पावसाळी बंदीमागे जो विचार आहे, म्हणजे विणीच्या काळात आणि पोरं वाढत असताना पाणी मोकळं सोडायचं, तोच रात्रीच्या दिव्यालाही लागू आहे. डोलीच्या जाळ्याबद्दल एवढ्या ठामपणे बोलता येत नाही. बोंबील आणि जवळा त्यावर चालतो, हजारो घरं त्यावर चालतात, पण त्याच्या खोळीचं, म्हणजे टोकाच्या पिशवीचं, विणकाम इतकं बारीक असतं की सरंग्याची पोरंही त्यात येतात. 2023 साली महाराष्ट्राने याच सरंग्याला राज्यमासा केलं. त्याचा मान ठेवायचा तर खोळीच्या डोळ्याचं माप ठरवावं लागेल, आणि ते कोळ्यांबरोबर बसूनच ठरेल.

हिंदी महासागराच्या प्लवकांचा मोठा साठा आपल्याकडे आहे. 1960 च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांच्या जहाजांनी एकाच मापाचं जाळं दोनशे मीटरवरून वर ओढत नमुने घेतले आणि ते कोचीला जमा केले. तिथल्या सागरी जीवशास्त्र केंद्रात भारतीय संशोधकांनी ते निवडले. याच मोहिमेतून 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, तिचं मुख्यालय आज गोव्यात दोनापावलाला आहे. पण त्या काळच्या रीतीप्रमाणे नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवले गेले, आणि फॉर्मॅलिन जनुकं मोडतं. त्यामुळे कोचीच्या बरणीतलं पिल्लू कुणाचं हे आकारावरूनच ओळखावं लागतं. कोनाच्या रीतीने, जिवंतपणीचा फोटो आणि मद्यार्कातलं शरीर अशी जोडी लावून, हा साठा पुन्हा वाचता येईल. त्यासाठी नव्याने पाण्यात उतरायला हवं. मुंबईसमोर ते जमणार नाही. तिथे समुद्रबूड जमीन तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरली आहे आणि पाणी गढूळ. लक्षद्वीपला जमेल. बेटाच्या कडेपासून थोड्याच अंतरावर हजार मीटरहून जास्त खोली, पाणी स्वच्छ, डिसेंबर ते एप्रिल समुद्र शांत. आणि कूपा पकडणारे तिथले मच्छीमार आमिषासाठी बारीक मासळी जिवंत सांभाळण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले. पहिल्या बोटीवर त्यांना घ्यावं.